तीन ठिपक्यांची काच

माझी पहिली स्लाइड वाळलीच नाही.

जुलैचा दुसरा आठवडा होता आणि रत्नागिरीत चार दिवस झड लागली होती. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात लिहिलं होतं, ‘स्मिअर हवेत वाळू द्यावा.’ स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेला जिवाणूंचा थेंब. आमच्याकडे त्या दिवसांत दोरीवरचे कपडे तीन दिवस दमट राहतात, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीवर काडी घासली तर गुलच निघून येतो. काचेवरचा थेंब वीस मिनिटं होता तसाच बसून राहिला. तास संपत आला म्हणून मी ती ओली काच तशीच स्पिरिटच्या दिव्यावर धरली. थेंब चर्रकन उकळला आणि पांढरट कडं तेवढं राहिलं. त्यावर पुढचे सगळे रंग मी घड्याळ लावून, नीट चढवले. भिंगाखाली दिसले ते जांभळे तुकडे, आकार नसलेले. ओल्या थेंबातले जिवाणू उकळून फुटले होते आणि मी रंगवले ते त्यांचे अवशेष होते.

तेव्हा मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आले होते. आता तिसऱ्या वर्षाला आहे. मधल्या दीड वर्षात तीनेकशे काचा तरी रंगवल्या असतील. हे सगळं लिहून ठेवते आहे, कारण यंदाच्या जुलैतही नव्या मुलामुलींच्या हातून नेमकं हेच झालं. पुस्तकात हे काम पाऊण पानात संपतं. ती पुस्तकं कोरड्या हवेत बसून लिहिलेली असावीत असं मला वाटतं, आणि आपल्या किनाऱ्यावर त्या पाऊण पानात बरीच भर घालावी लागते.

वाळवण्याचा प्रश्न सोडवला तो आमच्या लॅबमधल्या काकांनी. पावसाळ्यात मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा ती काचेत रुतली की भिंग कायमचं धुरकट होतं. म्हणून जून ते सप्टेंबर भिंगं एका लाकडी पेटीत ठेवतात. पेटीत चाळीस वॅटचा बल्ब सतत जळता असतो आणि सिलिका जेलची पुरचुंडी असते. निळी पुरचुंडी गुलाबी झाली की तव्यावर भाजून पुन्हा निळी करायची. त्या पेटीच्या वरच्या फळीवर काकांनी माझी काच ठेवली. आठ मिनिटांत कोरडी. त्यानंतर ज्योतीतून दोन-तीनदा झर्रकन फिरवायची आणि मनगटाच्या वरच्या बाजूला टेकवून बघायची. सोसवेल इतकी ऊन लागली तर ठीक. चटका बसला तर जिवाणू करपले. या उष्णतेने पेशीतली प्रथिनं गोठतात आणि पेशी काचेला चिकटून राहते, नाहीतर पहिल्याच पाण्याबरोबर ती मोरीत वाहून जाते.

काकांनीच दुसरी गोष्टही शिकवली. ते कणकवलीकडचे, लॅबमध्ये शिकवायला कोणी नसलं की मालवणीतच बोलतात. माझा स्मिअर उजेडात धरून म्हणाले, “गो बाय, जाड घातलेला घावन मधी कच्चाच रवता. ह्या पण तसाच.” तव्यावर पीठ पळीने नुसतं शिंपडायचं, जाळी पडली पाहिजे, तरच घावन. काचेवरही तेच. लूपच्या, म्हणजे तारेच्या बारक्या कड्याच्या, टोकाला कॉलनीचा (वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्याचा) जेमतेम स्पर्श करायचा, पाण्याच्या बारक्या थेंबात मिसळायचं आणि बाहेरच्या बाजूला गोल फिरवत पसरवायचं. वाळल्यावर काच वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. मी सहा महिने ही कसोटी ऐकून सोडून दिली होती. त्याची किंमत पुढे मोजली, ते सांगतेच.

त्याच्याही आधी काच धुणं. आम्ही मुली डोक्याला खोबरेल लावून येतो, वेणीवरून हात फिरतो आणि त्याच बोटांनी स्लाइड उचलतो. तेलकट काचेवर थेंब पसरतच नाही, अळवाच्या पानावर पाणी पळावं तसा पळतो. साबणाने धुवायची, मग अल्कोहोलने पुसायची, मग ज्योतीतून न्यायची आणि त्यानंतर फक्त कडांना धरायची. नाव लिहायचं ते काचेच्या खरखरीत टोकाला, शिसपेन्सिलीने. मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या पहिल्या महिन्यातल्या अर्ध्या स्लाइड अशाच बेनाव झाल्या. आणि स्मिअर कुठल्या बाजूला आहे हे विसरून उलट्या बाजूला रंग ओतण्याचा प्रकारही होतो. मी पेन्सिलीने नाव लिहिते ती बाजू वरची, हा नियम पक्का केल्यापासून तो थांबला.

आता मुळात रंगवायचं कशाला? जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, फार तर दुप्पट-तिप्पट. आणि तो जवळजवळ पाण्यासारखाच पारदर्शक असतो. प्रकाश त्याच्यातून न अडता जातो, म्हणून हजारपट मोठा केला तरी डोळ्याला कडा सापडत नाही. लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने 1683 साली दातांवरचा पांढरा थर स्वतः घडवलेल्या एकाच भिंगातून बघितला, कुठलाही रंग न घालता, आणि त्यात हलणारे जीव पाहून त्यांचं वर्णन पत्रात लिहून पाठवलं. त्या माणसाच्या नजरेबद्दल मला फार आदर वाटतो. आम्ही वर्गात एकदा रंग न घालता पाण्याच्या थेंबातच बघायचा प्रयत्न केला. प्रकाश अगदी मंद केल्यावर काहीतरी थरथरतंय एवढंच मला कळलं.

जिवाणूंचे दोन रंगांत दोन गट पाडणाऱ्या ग्राम स्टेन या पद्धतीची कृती सांगते. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट, पाण्याने धुवायचं. ग्रामचं आयोडीन एक मिनिट, धुवायचं. काच तिरकी धरून वरून 95 टक्के अल्कोहोल थेंब थेंब सोडायचं, साधारण दहा ते वीस सेकंद, खालून येणारा थेंब जांभळा यायचा थांबेपर्यंत, आणि थांबला त्या क्षणी पाणी. शेवटी सॅफ्रानिन हा गुलाबी रंग पाऊण-एक मिनिट, धुवून टिपकागदाने टिपायचं. चोळायचं नाही. मग एक थेंब तेल आणि शंभराचं भिंग. जांभळे दिसतात ते ग्राम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसतात ते ग्राम निगेटिव्ह.

यातलं काय का होतं ते मला आमच्या घरच्या जाळ्यावरून समजलं. कोळी लोक जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. क्रिस्टल व्हायोलेट दोन्ही प्रकारच्या पेशींत शिरतं. आयोडीन आत जाऊन त्याच्याशी जुळतं आणि रंगाचा कण मोठा होतो. ग्राम पॉझिटिव्ह पेशीची भिंत म्हणजे पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाचे थरावर थर. अल्कोहोल त्यातलं पाणी ओढून घेतं, आस आवळते आणि तो मोठा कण आत अडकतो. ग्राम निगेटिव्ह पेशीत पेप्टिडोग्लायकनचा थर पातळ असतो आणि त्याच्या बाहेर स्निग्ध पदार्थांचं आवरण असतं. अल्कोहोल ते आवरणच विरघळवतं, आतलं पातळ जाळं कण धरू शकत नाही, जांभळा निघून जातो आणि मागून आलेला सॅफ्रानिन तिथे बसतो. म्हणजे सगळा निकाल अल्कोहोलच्या त्या पंधरा सेकंदांत लागतो. वेळ थोडा कमी पडला तर सगळेच जांभळे, जास्त झाला तर सगळेच गुलाबी. आमच्या काकांचं मोजणं मला आवडतं. तांदूळ मापताना जसं पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, तसे ते “लाभ, दोन, तीन…” असं संथ मोजतात. मीही तसंच मोजते. घड्याळाकडे बघायला मान वळवली की थेंबावरची नजर हटते.

हान्स क्रिश्चन ग्राम हा डेन्मार्कचा डॉक्टर. बर्लिनला असताना 1884 साली त्याने ही पद्धत छापली. जिवाणूंचे दोन गट पाडावेत असं त्याच्या मनात नव्हतं. न्यूमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसाच्या कापांत जिवाणू आणि पेशींची केंद्रकं एकाच रंगाची दिसायची. त्याला केंद्रकांचा रंग काढून जिवाणू तेवढे रंगलेले ठेवायचे होते. काही जिवाणूंचा रंगही निघून जातो हे त्याच्या लक्षात आलं, आणि आपली पद्धत अपुरी, सदोष आहे पण इतरांच्या हाती ती उपयोगी पडेल अशी आशा आहे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं. आज आम्ही वापरतो ते सॅफ्रानिनही त्याचं नव्हे, ते नंतर जोडलं गेलं. ज्या गोष्टीला तो दोष समजत होता तिच्यावर आज सगळ्या जगातल्या लॅब पहिला निर्णय घेतात. हे सरांनी सांगितलं त्या दिवशी मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.

आमच्या घरचं दही मी दोनदा रंगवलं. दह्यातले जिवाणू ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळे यायला हवेत. माझे आले सगळे गुलाबी. काठ्याही गुलाबी, मण्यांच्या माळाही गुलाबी, आणि मागे दुधाच्या प्रथिनांचा गुलाबी चिखल. एक तर ते दही तीन दिवसांचं आंबट होतं. पेशी जुन्या झाल्या की त्यांच्या भिंती सैल पडतात आणि पॉझिटिव्ह असूनही रंग सोडतात, म्हणून कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जिवाणू, नेहमी चोवीस तासांच्या आतलं घ्यायचं. आणि दुसरं, मागचा चिखल धुऊन काढायच्या नादात मी अल्कोहोल अर्धा मिनिट तरी ओतलं होतं. पुढच्या वेळी आदल्या रात्री विरजलेलं दही घेतलं, वरची साय बाजूला सारली, एक लूप भरपूर पाण्यात ढवळून त्यातलाच थेंब घेतला. काठ्या जांभळ्या आल्या, माळाही. पण त्या दिवसापासून अल्कोहोलची भीती बसली ती बसलीच. पंधरा सेकंदांचे माझे नकळत आठ झाले. काका “लाभ” म्हणायचे तेव्हा माझं निम्मं संपलेलं असायचं.

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी भाट्याच्या खाडीतला चिखल घेतला. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. ओहोटीला तिवराच्या झाडांखाली उतरलं की पाय पोटरीपर्यंत रुततो, आणि वरची बोटभर माती सोडली की खाली काळी कुळकुळीत, सडक्या अंड्याच्या वासाची माती लागते. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. मी बाटली भरून आणली, पातळ करत नेली आणि खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंसाठी असतो त्या झोबेल मरीन आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट जेलीवर, पसरवली. थेट चिखलाचा स्मिअरही करून बघितला, पण तो करू नये. वाळताना मीठ उरतं, चौकोनी स्फटिकांचं नुसतं अंगण होतं, आणि स्फटिकांच्या कडांना रंग धरला की नवख्या डोळ्याला त्या काठ्यांसारख्या दिसतात. साध्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळावं तर समुद्रातले काही जिवाणू फुगून फुटतात. मग मी खाऱ्या पाण्यात मिसळून, पातळ पसरवून, उष्णतेने चिकटवल्यानंतर रंगाआधी एकदा हलक्या पाण्याने काच बुडवून काढायला लागले. मीठ जातं, जिवाणू राहतात. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, करता करता जमलं.

आगरवर सायीच्या रंगाची एक गोल, चकचकीत कॉलनी भरपूर आली होती. तिला मी ‘भा-4’ नाव दिलं. तीन वेळा रंगवली आणि तिन्ही वेळा आखूड जांभळ्या काठ्या. जर्नलमध्ये शाईने लिहिलं, ग्राम पॉझिटिव्ह. आठवडाभर त्यावर पुढचे प्रयोगही ठरवले. सरांना दाखवायला गेले तेव्हा त्यांनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, “हे जांभळं आहे हे मान्य. पण आज तुझ्या हातून ई. कोलाय गुलाबी आला असता का? ते कुठे आहे?”

ते कुठेच नव्हतं. मी एकटी भा-4 रंगवली होती, सोबत ई. कोलायसारखा रंग आधीच ठाऊक असलेला जिवाणू नव्हता.

सरांनी रागावून काही म्हटलं नाही. काचेवर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब ठेवला, त्यात भा-4 घालून लूपने ढवळायला सांगितलं. अर्धा मिनिटही झालं नसेल, लूप वर उचलला तर मागून तार आली, भेंडीच्या बुळबुळीसारखी, बोटभर लांब. ग्राम निगेटिव्ह पेशीचं आवरण त्या अल्कलीत फुटतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि पाणी तारदार होतं. ग्राम पॉझिटिव्हची जाड भिंत टिकते, तार येत नाही. चार रुपयांचं रसायन नसेल, आणि त्याने माझे तीन दिवसांचे जांभळे रंग खोटे ठरवले.

मग त्यांनी तीन ठिपके काढायला सांगितले. एकाच काचेवर डावीकडे स्टॅफिलोकॉकस, जो जांभळाच आला पाहिजे. उजवीकडे ई. कोलाय, जो गुलाबीच आला पाहिजे. मध्ये आपला अनोळखी. तिघांना एकच रंग, एकच अल्कोहोल, एकच पाणी. मी नेहमीसारखंच केलं आणि बघितलं तर तिन्ही ठिपके जांभळे. ई. कोलायसुद्धा. म्हणजे दोष भा-4 चा नव्हता, माझ्या हाताचा होता. स्मिअर वर्तमानपत्रावर ठेवला तर अक्षरं दिसत नव्हती, आणि दह्याच्या भीतीने आखडलेलं अल्कोहोल त्या जाड थरात खालपर्यंत पोचतच नव्हतं.

दुसरी काच करताना मी कॉलनीला इतका कमी स्पर्श केला की लूपवर काही आलंय का अशी शंका यावी. अल्कोहोलला काका शेजारी उभे राहिले आणि मोठ्याने मोजलं. डावा जांभळा, उजवा गुलाबी, मधला गुलाबी. मी ती काच चार वेळा भिंगाखाली सरकवून बघितली. मधल्या ठिपक्यात आता काठ्या किंचित वाकड्याही दिसत होत्या, स्वल्पविरामासारख्या, जे आधीच्या जाड थरात कधीच दिसलं नव्हतं. जर्नलमधलं ते पान मला फाडायचं होतं. सरांनी फाडू दिलं नाही. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. ती रेघ माझ्या जर्नलच्या सतराव्या पानावर आहे.

त्यानंतर मी एकही एकट्या ठिपक्याची काच केलेली नाही. कल्चर हाताशी नसेल तर दातांच्या फटीतला थर टूथपिकने काढून बाजूच्या ठिपक्याला लावते. त्यात जांभळे आणि गुलाबी दोन्ही प्रकार नेहमी असतात, दोन्ही रंग दिसले तर हात ठिकाणावर आहे असं समजते. लेव्हेनहूकला ज्या थरात जीव दिसले तोच थर मला माझा हात तपासायला उपयोगी पडतो, याचं मला अजून नवल वाटतं.

रक्ताच्या काचेबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी गावाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये महिनाभर बसले होते. तिथे मलेरियासाठी लेशमन स्टेन करत. हा रंग मिथेनॉलमध्ये असतो, म्हणून पेशी काचेला चिकटवायला वेगळी उष्णता लागत नाही. पण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जूनमध्ये पाऊस लागला आणि सैल बुचाची बाटली तशीच वापरली गेली. तांबड्या पेशींत चमकणारी बारीक वर्तुळं दिसायला लागली, परजीवींच्या अंगठ्यांसारखी. तिथल्या ताईंनी फोकस वर-खाली करून दाखवलं. रंगलेला परजीवी फोकस हलवला तरी रंगीतच राहतो, ही वर्तुळं मात्र चमकतात आणि काळी होतात, त्यांना स्वतःचा रंग नाही. नवी बाटली फोडल्यावर वर्तुळं गेली. शिवाय धुवायला विहिरीचं पाणी घेतलं की सगळंच जास्त तांबूस यायचं. जांभ्यातल्या त्या विहिरीचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं, आणि या रंगाला पीएच 6.8 च्या आसपासचं पाणी लागतं. कोणाच्या तापाचं औषध त्या काचेवर ठरणार असतं, त्यामुळे बुच घट्ट लावण्याचं महत्त्व मला तिथे समजलं.

सगळ्यात सुंदर काच कुठली असं कोणी विचारलं तर मी जिवाणूंचं नाव घेणार नाही. ती कांद्याच्या मुळाची. अलिबागचा पांढरा कांदा पाण्याच्या पेल्यावर टेकवून ठेवला की तीन दिवसांत खाली मुळांची दाढी येते. सकाळी टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कापायचे, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्लात ठेवायचे, मग कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं, म्हणजे पेशींना जोडणारा चिकटा सुटतो. ॲसिटोकार्मिनच्या थेंबात टोक गडद लाल होतं. कव्हरस्लिप ठेवायची, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हळूहळू ठोकायचं, टिपकागदात धरून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. सरळ खाली. कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी पेशी शेवयांसारख्या वळतात. माझ्या अकरा काचा अशा वळल्या. बाराव्या काचेत एक पेशी सापडली, जिच्यात सोळाही गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी होती, आणि तिच्या शेजारीच दुसरी, जिच्यात ती दोन टोकांकडे ओढली जात होती. मी वर बघितलं तेव्हा लॅब रिकामी झाली होती.

इंग्रजी क्रोमोसोम या शब्दातला पहिला भाग ग्रीक आहे, त्याचा अर्थ रंग. 1888 साली हे नाव पडलं, कारण ही सूत्रं रंग पटकन धरतात. मराठीत आता सगळे गुणसूत्र म्हणतात. जुन्या पुस्तकांत रंगसूत्र असाही शब्द सापडतो. मला तोच जवळचा वाटतो, कारण गुण माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत, रंग दिसतो.

दिवाळीनंतर घरी गेले तेव्हा प्रोजेक्टचा दुसरा भाग हाती घेतला. आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. भात कापून झालं की त्याच मळ्यात उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. महिनाभराच्या रोपाच्या मुळांवर गाठी येतात, मोहरीच्या दाण्यापासून मिरीएवढ्या. रोप उपटायचं नाही, उपटलं तर गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीचा गड्डा काढून बादलीत भिजत ठेवायचा. मी अशी सहा रोपं पडवीत आणली तर आई म्हणाली, “ह्यो चिखल कित्याक आणलंस गो घरात?” मी एक गाठ नखाने फोडून तिला दाखवली. आत गुलाबी. ती बघत राहिली. “रगतासारख्या दिसता,” म्हणाली. तिचं बरोबरच होतं. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातेवाईक. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, त्या कामाला प्राणवायू नकोसा असतो, आणि हा लाल पदार्थ प्राणवायू बांधून ठेवून बेताबेताने देतो. आईने आयुष्यभर कुळीथ पेरला, काढला, पिठी केली. कुळथाच्या मळ्यात पुढचं भात जोमाने येतं हे तिला ठाऊक होतं. गाठ मात्र तिने पहिल्यांदा फोडलेली बघितली.

ओल्या कापडात गुंडाळून गाठी रत्नागिरीला आणल्या. वरून धुतल्या, अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवल्या, पाच-सहा पाण्यांनी पुन्हा धुतल्या आणि एक गाठ थेंबात काचेच्या कांडीने चिरडली. तो रस दुधट गुलाबी असतो आणि फार दाट. पहिल्या थेंबाचा स्मिअर करायचाच नाही. त्यातला लूपभर दुसऱ्या थेंबात, त्यातला तिसऱ्यात. तिसऱ्या थेंबाची काच वर्तमानपत्रावर ठेवली, अक्षरं दिसली. डावीकडे स्टॅफिलोकॉकस, उजवीकडे ई. कोलाय, मध्ये कुळथाची गाठ.

मधल्या ठिपक्यात गुलाबी काठ्या आल्या, ई. कोलायपेक्षा जरा जाड, आणि प्रत्येकीत एक-दोन ठिकाणी रंग न धरलेले पांढरे मणी. माळेत मोती ओवावेत तसे. आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पण बाजूचे दोन्ही ठिपके चोख होते, म्हणजे मणी खरे होते. सरांनी सुदान ब्लॅक सुचवला, तो स्निग्ध पदार्थांत मुरणारा रंग आहे. दहा-पंधरा मिनिटं तो, मग झायलीनने धुऊन सॅफ्रानिन. मणी काळे-निळे उठून आले आणि बाकीची काठी गुलाबी. गाठीतला जिवाणू रोपाकडून मिळालेल्या अन्नातून शिल्लक टाकून ठेवतो, तो हा साठा. ब्रॅडीरायझोबियम या गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या गटात हे बऱ्याचदा दिसतं. त्याच गाठीतला रस काँगो रेड घातलेल्या आगरवर पसरवला तर पाच-सहा दिवसांनी बारक्या पांढऱ्या कॉलनी आल्या. हा लाल रंग बाकीचे बरेच जिवाणू शोषून घेतात, हे सहसा घेत नाहीत.

कृषी सेवा केंद्रात रायझोबियमची, म्हणजे अशाच गाठी करणाऱ्या जिवाणूंची, पाकिटं मिळतात, दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम चोळायचं असं त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या मळ्यात कधीच कोणी पाकीट वापरलेलं नाही, तरी गाठी भरून आहेत. मग या मातीतला जिवाणू आणि पाकिटातला जिवाणू यांच्यात फरक काय, हे मला बघायचं आहे. नुसत्या रंगाने ते कळणार नाही एवढं आता समजतं. पण सुरुवात काचेपासूनच होईल.

चवळीच्या गाठी झाल्या, कुळथाच्या झाल्या. पावट्याच्या राहिल्यात. शेंगा भरायला लागल्या की गाठी आतून हिरवट पडतात आणि मग त्यात बघण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच जायला हवं. आईला फोन करून सांगून ठेवलंय, कुंपणाकडचे दोन वेल माझ्यासाठी ठेव, आणि उपटू नकोस, मी आल्यावर खुरप्याने काढते.